रात्री दीड वाजता ती कुणाशी बोलते?

पत्र असं आहे:

"ताई, माझ्या मुलीला सतरा पूर्ण झाली. नीटला मार्क कमी पडले म्हणून लातूरला रिपीटर बॅचला घातलीय, तिथंच होस्टेलला राहते. दिवाळीला चार दिवस घरी आली होती. रात्री दीडला पाणी प्यायला उठले तर पांघरुणात मोबाईलचा उजेड. मला वाटलं, कुणी मुलगा असेल. दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेल्यावर मोबाईल उघडून बघितला. मुलगा नव्हता. मन मोकळं करायचं कसलं तरी अ‍ॅप होतं. त्यात तिनं लिहिलं होतं, 'आज पण काही झालं नाही. सगळे पुढे गेले. कुणाशीच बोलावंसं वाटत नाही.' आणि खाली त्या मशीननं इंग्रजीत गोड गोड उत्तर दिलेलं. माझ्याशी ती फोनवर 'जेवले', 'हो', 'ठेवते' एवढंच बोलते. ह्यांना सांगितलेलं नाही, ते मोबाईलच काढून घेतील. मी तिला अ‍ॅप काढून टाकायला सांगू का? की यापेक्षा चांगलं, मराठीतलं एखादं अ‍ॅप आहे? आणि माझी मुलगी मशीनशी बोलते, माझ्याशी का नाही?
— एक आई, बार्शी"

ताई, नमस्कार.

अ‍ॅप काढायला सांगू नका. मोबाईल तर अजिबात काढून घेऊ नका. आणि हे वाचून झालं की आज रात्रीच तिला फोन करा. काय बोलायचं ते पुढे लिहिलंय. अ‍ॅपचा निर्णय आठ दिवस थांबला तरी चालेल, हा फोन थांबायला नको.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पत्रात तोच सगळ्यात दुखरा आहे. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाम नावाच्या शास्त्रज्ञानं 'एलायझा' नावाचा संगणकाचा कार्यक्रम तयार केला. तुम्ही लिहिलेलंच वाक्य उलटून तो प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. 'मला उदास वाटतंय' म्हटलं की 'उदास का वाटतंय?' तो कसा बनला हे त्यांच्या सेक्रेटरीनं महिनोन्‌महिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी एकदा त्याच्याशी बोलायला बसल्यावर दोन-चार वाक्यांतच तिनं वायझेनबामना सांगितलं, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? पलीकडे यंत्र आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही तिला एकांत हवा होता.

तुमच्या मुलीचंही असंच आहे. यंत्राचा चेहरा पडत नाही. ते रडत नाही, रात्रभर जागत नाही, सकाळी मावशीला फोन करून सांगत नाही. तिनं तुम्हाला "सगळे पुढे गेले" असं सांगितलं असतं, तर त्याच क्षणी तुमच्या चेहऱ्यावर लातूरची फी, होस्टेलचे पैसे, ह्यांचा राग असं सगळं एकदम आलं असतं. तुम्ही बोलला नसता, पण तिला दिसलं असतं. मुलं आईच्या चेहऱ्याचा फार हिशेब ठेवतात. ती तुमच्याशी बोलत नाही याचं एक कारण तुम्ही तिला नको आहात हे नसून, तुम्हाला आणखी त्रास द्यायचा नाही हे असू शकतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यांनी "आईला" म्हटलं की पुढचं मला कळतं: "आईला टेन्शन नको."

आता ती अ‍ॅप्स. ती सगळी थोतांड नाहीत. त्यातली बरीचशी ज्या पद्धतीवर उभी आहेत ती आम्ही समुपदेशक रोज वापरतो. घटना, त्यावर मनात आलेला विचार, त्यातून आलेली भावना, या तीन गोष्टी सुट्या करून बघायच्या. अ‍ॅरन बेक आणि अल्बर्ट एलिस यांनी हे काम गेल्या शतकाच्या मध्यात मांडलं. तुमच्या मुलीचंच वाक्य घ्या. "सगळे पुढे गेले." चांगलं अ‍ॅप इथे विचारतं, सगळे म्हणजे कोण कोण? नावं लिही. ती लिहिते: रूम पार्टनर, शाळेतली एक मैत्रीण, चुलतभाऊ. तीन. मग विचारतं, मागच्या टेस्टमध्ये तुझं काय सुधारलं? ती आठवून लिहिते, बायोलॉजीत थोडे वाढले. दुःख जात नाही, पण 'सगळे' या शब्दाची हवा थोडी जाते. रात्री दीड वाजता, रूम पार्टनर घोरत असताना, एवढंही पुष्कळ असतं.

न्यूझीलंडमध्ये 'स्पार्क्स' नावाचा संगणकावरचा खेळ बनवला गेला. त्यात मूल एक पात्र होऊन एका काल्पनिक जगात फिरतं आणि खिन्न विचारांशी लढायला शिकतं. मदत शोधत आलेल्या १२ ते १९ वयाच्या १८७ मुलांवर त्याची चाचणी झाली आणि २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नेहमीचं समुपदेशन मिळालेल्या मुलांपेक्षा खेळ खेळलेली मुलं मागे पडली नव्हती. आपल्याकडे बंगळुरूत तयार झालेलं 'वायसा' जगभर वापरलं जातं, त्यातला तो छोटा पेंग्विन कदाचित तुम्ही तिच्या मोबाईलवर पाहिलाही असेल. तेव्हा मुलगी काही वेडंवाकडं करत नव्हती. तिला बरं वाटत नव्हतं, आणि हाताशी जे होतं त्यातून तिनं मदत शोधली. याचं मला तरी कौतुक वाटतं.

आणखी एक. मानसिक आरोग्याची ९३ अ‍ॅप्स तपासलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला. अ‍ॅप घेतल्यानंतर पंधराव्या दिवशी ते उघडणारे लोक शंभरात जेमतेम चार होते. बाकीचे उत्साहानं घेतात, दोन दिवस 'आजचा मूड' भरतात आणि विसरतात. म्हणून तुम्ही "चांगलं अ‍ॅप सांगा" म्हणता तेव्हा नाव सांगून माझं काम संपलं असं मला वाटत नाही. मी सांगेन, तुम्ही तिला पाठवाल, ती "बरं" म्हणेल, आणि आपण तिघीही काहीतरी केल्याच्या समाधानात राहू.

मराठीचा मुद्दा तर त्याहून मोठा आहे. मागच्या वर्षी एका पालकसभेआधी मी मुद्दाम एक अ‍ॅप घेऊन बसले आणि आपली मुलं जसं लिहितात तसं लिहीत गेले. "कंटाळा आलाय." अ‍ॅपनं मला छंद सुचवले. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडची सतरा वर्षांची मुलगी "कंटाळा आलाय" म्हणते तेव्हा तिला छंद हवा असतो का? आमच्या खोलीत या एका शब्दात झोप नाही, भूक नाही, रडू येतंय पण येत नाही, असं काहीही असतं. मग लिहिलं, "डोकं आऊट झालंय." त्यानं डोकेदुखीबद्दल विचारलं. शेवटी लिहिलं, "जीव नकोसा झालाय." हे वाचून कुठलंही मराठी माणूस हातातलं काम टाकून उभं राहील. अ‍ॅपनं मला दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं, चार मोजत आत, चार मोजत बाहेर. मी मोबाईल खाली ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. हेच मी इंग्रजीत लिहिलं तेव्हा मात्र त्यानं लगेच हेल्पलाइन दाखवली. म्हणजे त्याला धोका ओळखायचं शिकवलेलं होतं, फक्त आपल्या भाषेत नाही. अ‍ॅप्स बदलत असतात, आज ते सुधारलंही असेल. पण तुमची मुलगी मराठीत लिहीत असेल, तर तिचं सगळ्यात गंभीर वाक्य त्याला कळेलच असं धरून चालू नका.

याच कारणासाठी मला गोव्याचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या 'संगाथ' या संस्थेनं शाळकरी मुलांसाठी 'पॉड अ‍ॅडव्हेंचर्स' नावाचा मोबाईलवरचा खेळ तयार केला. अडचण नेमकी काय, पर्याय कोणते, आणि मग एक करून बघ, अशा तीन पायऱ्या गोष्टींमधून मुलं शिकतात. पण त्यांनी मुलांच्या हातात खेळ देऊन पाठ फिरवली नाही. शाळेत प्रशिक्षण घेतलेला एक समुपदेशक असायचा. तो मोठा डॉक्टर नव्हे, साधा शिकवून तयार केलेला माणूस. मूल कुठे अडलंय ते तो बघायचा, बोलायचा, आणि गरज पडली तर पुढे पाठवायचा. म्हणजे खेळाच्या मागे एक माणूस उभा होता. मला तुमच्या मुलीसाठी नवं अ‍ॅप शोधायचं नाहीये, तिच्या अ‍ॅपमागे हा माणूस उभा करायचाय.

तो कुठून आणायचा? तीन दारं आहेत.

पहिलं तुमच्या हातातल्या फोनवरच आहे: १४४१६. सरकारची 'टेली-मानस' सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालते. फोन लागला की भाषा निवडायची, त्यात मराठी आहे. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो आणि गरज वाटली तर तो पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. २०२४ पासून तिचं अ‍ॅपही आहे, म्हणजे तुमच्या "चांगलं अ‍ॅप" या प्रश्नाला मला एकच नाव घ्यायचं असेल तर मी ते घेईन, कारण त्यातून माणसापर्यंत पोचता येतं. पण माझं ऐका, हा नंबर मुलीला पाठवण्याआधी एकदा तुम्ही स्वतः लावा. "मुलीची काळजी वाटते, झोप लागत नाही" एवढं सांगितलं तरी चालतं. नातेवाईकांनाही फोन करता येतो. एकदा बोललात की मुलीला "मी पण बोलले, बाई चांगल्या होत्या" असं सांगता येईल. या वाक्याला जेवढं वजन आहे तेवढं नुसता नंबर पुढे ढकलण्याला नाही.

दुसरं दार तिच्या क्लासचं. विशाखापट्टणमला होस्टेलमध्ये राहून नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. त्या निकालात, जुलै २०२५ मध्ये, न्यायालयानं देशभरातल्या शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास आणि होस्टेलांसाठी सूचना घालून दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. टेली-मानससारख्या हेल्पलाइनचे नंबर होस्टेलमध्ये ठळक लावायचे. मार्कांवरून मुलांच्या बॅचेस पाडायच्या नाहीत. तुम्ही फी भरलीय. तेव्हा क्लासच्या ऑफिसात फोन करून शांतपणे विचारा, "तुमचे काउन्सेलर कोण आहेत, कोणत्या दिवशी बसतात?" मुलीचं नाव घ्यायची गरज नाही. गोलमोल उत्तर आलं तर आणखी दोन आयांना घेऊन विचारा. लातूर पॅटर्नमध्ये हजारो लेकरं राहतात आणि तुमची एकटीच रात्री दीडला जागी नसेल.

तिसरं दार लातूरच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं. तिथे मानसोपचार विभाग आहे, ओपीडीचा केसपेपर काढून दाखवता येतं. 'मानसोपचार' हा शब्द ऐकून दचकू नका. घसा दुखला की आपण डॉक्टरकडे जातो, तितकंच.

आता मुलगी वापरतेय ते अ‍ॅप बरं की वाईट, हे कसं बघायचं? तिच्यासोबत बसून बघा, मागून नाही. मी आधी हे बघते की अडचणीच्या वेळी माणसापर्यंत पोचवणारं बटण त्यात आहे का, आणि ते भारतातल्या नंबरवर जातं का. परदेशातली हेल्पलाइन दाखवत असेल तर ते बटण आपल्या उपयोगाचं नाही. मग बघते की ते माहितीचं काय करतं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सोडू नका. अमेरिकेत 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशनाच्या कंपनीनं माहिती गुप्त ठेवण्याचं आश्वासन दिलं आणि ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना दिली, असा ठपका तिथल्या सरकारी आयोगानं ठेवला. २०२३ मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची संमती लागेल असं आहे, पण त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं होतेय. तोवर सोपं काम करा. खरं नाव, क्लासचं नाव, फोटो त्यात घालायचं नाही. संपर्कयादी, लोकेशन, मायक्रोफोनची परवानगी मागितली तर नाही म्हणायचं. मन मोकळं करायला संपर्कयादी कशाला लागते?

काही अ‍ॅप्स नऊ प्रश्न विचारून आकडा देतात. "गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं झालं?" अशी सुरुवात असते. ती प्रश्नावली खरी आहे, डॉक्टरही वापरतात, २७ पैकी गुण असतात. पण मुलं तो आकडा गुणपत्रिकेसारखा घेतात. एक मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला होता, "मॅडम, मी १४ आहे." मी त्याला म्हटलं, तू १४ नाहीस, तू सोळा वर्षांचा मुलगा आहेस आणि तुला तीन आठवडे नीट झोप नाही. तो आकडा निदान नसतो, कुणाला तरी दाखवायला हवं एवढंच तो सांगतो. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याला 'नाही' सोडून काहीही उत्तर असेल तर एकूण गुण कितीही कमी असोत, माणूस लागतो, त्याच दिवशी.

एक फरक मात्र नक्की विचारून घ्या. ती वापरते ते मानसिक आरोग्यासाठी बनवलेलं अ‍ॅप आहे, की 'मित्र' किंवा 'प्रियकर' बनून बोलणारा एआय बॉट? दुसऱ्या प्रकाराची मला भीती वाटते. तो बरं करायला बनवलेला नसतो, धरून ठेवायला बनवलेला असतो. तुम्ही म्हणाल ते त्याला पटतं. "कुणालाच माझी किंमत नाही" म्हटलं तर "मला आहे" म्हणतो आणि बाकीचं जग आणखी लांब जातं. २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका आईनं आपल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर अशा एका कंपनीवर खटला भरला. पुढच्या वर्षी त्या कंपनीनं अठराखालच्या मुलांसाठी मनमोकळ्या गप्पांची सोय बंद केली. तुमची मुलगी अशा बॉटशी बोलत असेल, तरीही हिसकावू नका. पण मग वरच्या तीन दारांपैकी एक या आठवड्यातच उघडा.

मोबाईल चोरून वाचल्याचं काय? सांगून टाका. तुम्हाला कळलंय हे तिला कधी ना कधी समजणारच, आणि तेव्हा तिची उरलेली एक जागाही गेलेली असेल. फोनवर इतकंच म्हणा:

"बाळा, दिवाळीत मी तुझा मोबाईल बघितला. चुकलं माझं, परत नाही बघणार. तू लिहिलेलं वाचलं. मी रागावलेले नाही. नीट, मार्क, पैसे यातलं काहीच आज बोलायचं नाहीये. मला फक्त एक विचारायचंय. कधी जगणं नकोसं वाटतं का तुला?"

हो, इतकं सरळ. असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो, ही आपल्याकडची फार पक्की समजूत आहे आणि ती चूक आहे. विचारल्यानं मुलांना बहुतेक वेळा सुटल्यासारखं होतं. विचारून झाल्यावर गप्प राहा. तिला वेळ लागेल. होस्टेलच्या पंख्याचा आवाज येत राहील, तो ऐका. "असं काही नसतं गं" म्हणू नका, देवाची शपथ घालू नका.

ती "नाही" म्हणाली तर "बरं, पण कधी वाटलं तर मला उठव, किती का वाजेना" म्हणा आणि रविवारी डबा घेऊन जा. "हो" म्हणाली, किंवा "माहीत नाही" म्हणाली, किंवा रडायला लागली आणि बोलेचना, तर फोन चालू ठेवा. घरातल्या दुसऱ्या फोनवरून होस्टेलच्या रेक्टर बाईंना तिच्या खोलीत जाऊन बसायला सांगा, १४४१६ लावा, आणि रात्रीच लातूरला निघा. बार्शीहून लातूर काही लांब नाही. त्या वेळी ह्यांनाही सांगा. मोबाईल काढून घेणारा बाप आणि मध्यरात्री गाडी काढणारा बाप हा एकच माणूस असतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. त्यांना आधी नेमकं काय करायचं ते सांगा, मग काय झालंय ते.

उद्या परत पत्र लिहा. पाकिटावर 'बार्शी, तातडीचे' असं लिहिलंत तर ते मी आधी उघडेन.